गिरणगावातील इराणी हॉटेल : एका हरवलेल्या बैठकीचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या, असा समज आपल्याकडे पक्का झालेला आहे. आम्ही शिक्षक मंडळीही त्या समजाला खतपाणीच घालतो. कामगारांचा इतिहास शिकवण्याची वेळ आली तरी संपाची तारीख, पुढाऱ्याचे नाव आणि मागण्यांची यादी फळ्यावर लिहिली की आमचा तास संपतो. पण ज्या माणसांनी तो संप केला ती माणसे पाळी सुटल्यावर कुठे बसत होती? कोणाशी बोलत होती? गावाकडची पत्रे कुठे वाचून घेत होती? कामावरून काढून टाकलेला माणूस दिवसभर कुठे वेळ काढीत होता?

आमच्या मते हे प्रश्न किरकोळ नाहीत. माणसे एकत्र राबतात म्हणून एक होत नाहीत. ती एकत्र बसतात, बोलतात, एकमेकांची उधारी-उसनवारी सांभाळतात, तेव्हा एक होतात. त्या बसण्याच्या जागेचा इतिहास लिहिला नाही तर कामगारांचा इतिहास अर्धाच राहतो.

इंग्लंडच्या गिरण्यांच्या आणि खाणींच्या वस्त्यांबद्दल लिहिणाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर चटकन सापडते. तिथे वस्तीच्या कोपऱ्यावर 'पब' असे. पब म्हणजे मुळात 'पब्लिक हाऊस', सर्वांसाठी उघडे घर. तिथल्या कामगारांची मदत मंडळे, भिशीसारखे फंड आणि सुरुवातीच्या अनेक संघटनांच्या सभा या पबच्या वरच्या खोल्यांमधून भरल्या. कारखाने बंद पडले तसे हे पबही बंद पडले आणि आता तिथली म्हातारी माणसे त्यांच्या आठवणी लिहीत आहेत.

आपल्यात दारू हराम. त्यामुळे दारूच्या दुकानाच्या आठवणी काढायच्या म्हटले तर वाचक भुवया उंचावतील. परंतु आम्हाला इथे पेल्याची नव्हे, बैठकीची गोष्ट सांगायची आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या कामगार वस्तीत, म्हणजे मुंबईच्या गिरणगावात, ही बैठक कोणती होती आणि ती कुठे गेली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. आमचे कडा गाव बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात. इथून मुंबई दूर, आणि आमच्या भागातील माणूस गिरणीपेक्षा उसाच्या फडावरच जास्त गेला. तरीही गिरणगावाची गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही. का, ते ओघात येईलच.

गुत्त्याला बैठक का होता आले नाही

गिरणगावात दारू नव्हती असे नाही. देशी दारूचे गुत्ते होते, ताडीची दुकाने होती. भंडारी समाजातील लोक माडाची-ताडाची ताडी काढीत आणि दुकानांचे परवाने पुष्कळदा पारशी मालकांकडे असत. १८७८ च्या आबकारी कायद्याने इंग्रज सरकारने दारूवर आपली पकड घट्ट केली. दारू हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन बनले. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजावर सावकार उभा असायचा आणि जवळच गुत्ता असायचा. कामगाराच्या हातातील रोकड घरी पोहोचण्याआधी या दोघांच्या हातून जायची. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगार वस्त्यांवर जे लिहिले आहे त्यात गुत्ता, आखाडा, नाका आणि त्या नाक्यावरचा दादा यांचा परस्परसंबंध चांगला उलगडला आहे. गुत्त्यावर दादाची सत्ता चालायची. तिथे निवांत बसून विचार करावा असे वातावरण नव्हते.

पुढे दारूबंदी आली. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. आबकारीचे बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील मालमत्तेवर कर बसवला. त्यावरून मोठा गदारोळ झाला. महायुद्ध सुरू होऊन मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर ही दारूबंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून संपूर्ण प्रांतात दारूबंदी झाली. त्याचा परिणाम सर्वांना ठाऊक आहे. दारू गेली नाही, ती लपली. चाळीच्या मागे, खाडीच्या कडेला हातभट्ट्या पेटल्या. साठीच्या दशकात सरकारने बंधने सैल केली आणि मग 'परमिट रूम' हा शब्द मराठीत रुजला.

आमच्या बीड जिल्ह्याची तऱ्हा तेव्हा वेगळी होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. नगर जिल्हा इंग्रजांचा आणि त्याला लागून असलेला आष्टीचा भाग निजामाचा. हैदराबाद संस्थानात शिंदीच्या झाडांवर सरकारी आकार होता, गावोगाव सेंधीखाने होते आणि आबकारीचे उत्पन्न तिजोरीचा मोठा आधार होते. राज्यकर्ता मुसलमान असो की इंग्रज, गरिबाच्या व्यसनावर तिजोरी भरण्यात दोघांनीही कमीपणा मानला नाही, याची नोंद आपण प्रामाणिकपणे करायला हवी.

सांगायचे ते इतकेच की, इंग्लंडमध्ये जे काम पबने केले ते आपल्याकडे गुत्त्याला जमले नाही. एकतर तो दादाच्या ताब्यात, दुसरे म्हणजे तो कायद्याच्या आत-बाहेर करीत राहिला, आणि तिसरे म्हणजे कामगारांतील मोठा वर्ग धर्माने वा संस्काराने त्यापासून दूर होता. माळकरी वारकरी तिथे जाणार नव्हता आणि नमाजी मोमीनही जाणार नव्हता. या दोघांनाही एकत्र बसवील अशी जागा वेगळीच निघाली. ती म्हणजे नाक्यावरचे इराणी हॉटेल.

दहा बाय दहाची खोली

हे हॉटेल एवढे महत्त्वाचे का ठरले हे समजण्यासाठी आधी कामगाराचे घर पाहिले पाहिजे. कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली काढली. पुढच्या पन्नास वर्षांत ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी असा गिरण्यांचा पट्टा उभा राहिला. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून माणसे आली. उत्तरेकडून आझमगड, अलाहाबाद, बनारस या भागातील विणकर आले. बायकामुले गावी ठेवून आलेले हे पुरुष. सबंध घर मुंबईत आणणे त्यांना परवडत नव्हते.

चाळीतील एका खोलीत दहा-पंधरा माणसे राहायची. खोली म्हणजे खरे तर ट्रंक आणि वळकटी ठेवायची जागा. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन ज्या जागेवर आडवा व्हायचा, तिथून दिवसपाळीचा माणूस नुकताच उठून गेलेला असायचा. जेवण खानावळीत, आंघोळ सार्वजनिक नळावर, झोप पाळीपाळीने. मग जागेपणी बसायचे कुठे? पावसाळ्याचे चार महिने रस्त्यावरही बसता येत नाही. अशा माणसाला एका कपाच्या किमतीत खुर्ची, डोक्यावर पंखा, समोर टेबल आणि वाचायला पेपर मिळत असेल तर त्याचे मोल काय असेल, याची कल्पना आज स्वतःच्या घरात बसून करणे कठीण आहे.

नाक्यावरचा इराणी

इराणचे हे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत येऊ लागले. यझ्द आणि किरमान या कोरड्या भागांतून दुष्काळ, गरिबी आणि छळाला कंटाळून ते आले. त्यांच्यात झरतुष्ट्री होते तसे शिया मुसलमानही होते. आपल्याकडे सर्वांना सरसकट 'इराणी' म्हटले गेले. मराठी-गुजराती दुकानदार कोपऱ्यावरची जागा अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. कारण काहीही असो, कोपऱ्यावरची जागा मिळाली याचा फायदा असा झाला की दोन्ही रस्त्यांवर दारे उघडली. आत येणारा माणूस लांबून दिसे आणि आत बसलेल्याला रस्ता दिसे.

संगमरवरी फळीची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतींवर मोठे आरसे, काचेच्या बरण्यांत बिस्किटे, गल्ल्यावर शेठ. बनमस्का, ब्रुनमस्का, खारी, मावा केक, खिमापाव, आम्लेट आणि 'पानी कम' चहा. एका बाजूला साबण, काड्यापेटी, ब्लेड, बिडी-सिगारेट यांचे किरकोळ दुकान. भिंतीवर सूचनांची पाटी : मोठ्याने बोलू नये, आरशासमोर केस विंचरू नयेत, फार वेळ बसू नये. शेवटची सूचना कोणी पाळीत नसे आणि शेठही ती पाळली जावी असा फारसा आग्रह धरीत नसे. पहाटेचा भोंगा होण्याआधी शटर वर जायचे आणि रात्रपाळीच्या माणसांपर्यंत चहा चालू राहायचा. साठ-सत्तरच्या दशकांत काही हॉटेलांत नाणे टाकून गाणे लावण्याची पेटीही आली.

निजामी मुलखातील आपल्या वडीलधाऱ्यांना हा प्रकार नवा नव्हता. हैदराबादेत इराण्यांची चहाची हॉटेले होती आणि तिथली बैठकही अशीच होती. चहा वेगळ्या रीतीने केलेला, दुधाळ आणि दाट, पण रिवाज तोच. एक कप घ्या आणि तासभर बसा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. त्या काळात अनेक हिंदू हॉटेलांवर जातीचा पहारा होता. गिरणीच्या आत पाण्याची भांडीसुद्धा वेगळी असत. इराणी मात्र येणाऱ्याची जात विचारीत नव्हता. तो काही समाजसुधारक नव्हता. तो परमुलखाचा माणूस. त्याला इथल्या जातींचा हिशेब ठाऊक नव्हता आणि ठाऊक करून घेण्यात धंद्याचा फायदाही नव्हता. पण हेतू धंद्याचा असला तरी परिणाम मोठा झाला. कोकणातला कुणबी, घाटावरचा मराठा, महारवाड्यातून आलेला कामगार आणि मदनपुऱ्याचा मोमीन यांना एकाच कपबशीतून चहा मिळाला. समता नेहमी भाषणातूनच येते असे नाही. कधी कधी ती दुकानदाराच्या बेफिकिरीतूनही येते.

टेबलावर काय चालायचे

गिरणीत कायम कामगारांबरोबर मोठ्या संख्येने बदली कामगार असायचे. सकाळी दरवाजावर उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत घ्यायचे, नाहीतर परत. परत फिरलेला बदली कामगार खोलीवर जाऊ शकत नव्हता, कारण तिथे रात्रपाळीवाले झोपलेले. तो हॉटेलात येऊन बसे. कुठल्या गिरणीत माणसे घेताहेत, कुठल्या मुकादमाला किती द्यावे लागतात, कुठे सूत खराब येते म्हणून मजुरी बुडते, या बातम्या तिथे मिळायच्या. मुकादमही तिथेच भेटायचा. गावाहून आलेले पत्र वाचून घ्यायचे, मनीऑर्डरचा फॉर्म भरून घ्यायचा, तर अक्षर येणारा माणूस तिथेच सापडायचा. एका वर्तमानपत्राची पाने सुटी करून चार टेबलांवर फिरायची. ज्याला वाचता येत नव्हते त्याला दुसरा मोठ्याने वाचून दाखवी. आम्ही शिक्षक आहोत म्हणून सांगतो, प्रौढ शिक्षणाचा एवढा मोठा वर्ग सरकारला कधी भरवता आला नाही.

याच वस्तीने १९२८ साली सहा महिन्यांचा संप लढवला. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद होत्या आणि त्यातूनच गिरणी कामगार युनियन लाल बावट्याखाली उभी राहिली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गिरणगाव आघाडीवर होते. एवढ्या मोठ्या लढ्यांची सर्व बोलणी युनियनच्या कचेरीत झाली असे कोणी मानू नये. कचेरी लहान, कामगार लाखावर. निरोप फिरले ते चाळीच्या जिन्यात, गिरणीच्या दरवाजात आणि हॉटेलच्या टेबलावर.

शाहीर आणि कवीही याच वातावरणात वाढले. शाहीर अमर शेख यांचे नाव इथे आधी घेतले पाहिजे. मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९१६ चा, बार्शीचा. बार्शी म्हणजे आमच्या मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचे गाव. तिथल्या गिरणीत त्यांनी कामगार म्हणून काम केले, संपात उतरले, तुरुंगात गेले. पुढे अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकातून त्यांनी गिरणगाव जागे ठेवले. मराठी कामगाराच्या तोंडी ज्याची गाणी बसली तो शाहीर आपल्यातला होता. नारायण सुर्वे रस्त्यावर वाढले, गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झाले. त्यांच्या कवितेतील माणसे शाळेच्या पुस्तकातून आलेली नव्हती, ती नाक्यावर भेटलेली होती.

आपण कुठे होतो

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. गिरणगावाचे चित्र डोळ्यांसमोर आणले की कोकणी माणूस, गणेशोत्सव, दशावतार आणि भजनी मंडळ दिसते. ते खरेच आहे. पण गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, मराठा कामगाराच्या शेजारच्या साच्यावर मुसलमान विणकर उभा होता. १८५७ नंतरच्या काळात आणि पुढे गिरणीच्या कापडाने हातमाग मोडल्यावर उत्तरेकडून आलेले हे मोमीन-अन्सारी मदनपुरा, मोमीनपुरा, नागपाडा या भागांत स्थायिक झाले. विणणे त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होते. त्यांच्या वस्तीतही हॉटेले होती. तिथे १९३८ साली अब्दुल हमीद अन्सारी यांनी काढलेल्या 'इन्किलाब'सारख्या उर्दू पत्राचे वाचन चाले. कैफी आझमी मदनपुऱ्याच्या कामगारांत काम करीत आणि कम्युनिस्ट पक्षाच्या उर्दू पत्रात लिहीत.

खेदाची गोष्ट अशी की, मराठीत गिरणगावावर जे लिहिले गेले त्यात हा मदनपुरा फार थोडा येतो. आणि उर्दूत मुंबईवर जे लिहिले गेले त्यात शायर येतात, मुशायरे येतात, फिल्मी दुनिया येते. साचाखात्यातला विणकर क्वचितच येतो. एका भाषेत गिरणी आहे पण आपण कमी, दुसऱ्या भाषेत आपण आहोत पण गिरणी कमी. या दोन्ही भाषांच्या मधे जे टेबल होते, तिथे हे दोघे एकत्र बसत होते. ते टेबल गेले आणि त्याच्याबरोबर साक्षही गेली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांना बोलते करून २००४ साली मुलाखतींचा मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. तसे काम मराठी आणि उर्दू दोन्ही येणाऱ्या आपल्या लोकांनी करायला हवे होते, कारण दोन्ही बाजूंचे ऐकण्याचे कान आपल्याला आहेत.

टेबलावर जे नव्हते

गेलेल्या गोष्टीचे गोडवे गाणे सोपे असते. म्हणून जे नव्हते तेही सांगितले पाहिजे.

त्या टेबलावर बाई नव्हती. गिरणीत बायका होत्या, रीळखात्यात होत्या, घरी शिवणटिपण करीत होत्या. खोलीत दहा-वीस पुरुषांचे डबे रांधून देणाऱ्या खानावळवाल्या होत्या. त्यांच्या चुलीवरच गिरणगाव जेवत होते. पण बसण्याची जागा त्यांना नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या खानावळवाल्यांना एकत्र केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला नाव मिळाले.

दुसरे, बाहेर एकाच कपात चहा पिणारे कामगार गिरणीच्या आत सारखे नव्हते. साचाखात्यात मजुरी जास्त. पण तिथे दलित कामगाराला प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. साचाखात्यात मराठ्यांप्रमाणेच मुसलमान विणकरही होते. इस्लाममध्ये विटाळ नाही असे आपण अभिमानाने सांगतो. तेव्हा आपल्या विणकरांनी त्या बंदीविरुद्ध किती आवाज उठवला, हाही प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे.

तिसरे, टेबलाने दंगे थांबवले नाहीत. फेब्रुवारी १९२९ मध्ये मुले पळवण्याच्या अफवेवरून पठाणांवर हल्ले सुरू झाले आणि पाहता पाहता हिंदू-मुसलमान दंगल पेटली. संपाच्या वेळी खांद्याला खांदा लावणारी माणसे वर्षभरात एकमेकांपासून दूर गेली. तेव्हा एकत्र चहा पिणे म्हणजे एकोपा, असे भाबडे समीकरण आम्हाला मांडायचे नाही. टेबल एवढेच करू शकत होते की, दंगल शमल्यावर पुन्हा भेटण्यासाठी एक जागा शिल्लक ठेवत होते. आणि आमच्या मते तेच त्याचे सर्वांत मोठे काम होते.

भोंगा थांबला

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. हजारो कामगार गावी परतले ते पुन्हा आले नाहीत. कापड विणणे मात्र थांबले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले. तिथे बारा-बारा तासांची पाळी, संघटना दुबळी आणि विणणाऱ्यांत आपल्या बिरादरीची संख्या मोठी. गिरणी बुडाली म्हणून आपण बुडालो नाही, पण गिरणीत लढून मिळवलेले हक्क यंत्रमागावर आपल्याबरोबर आले नाहीत, हे लक्षात ठेवावे लागेल.

भोंगा थांबला तसे हॉटेलांचे घड्याळही थांबले. पाळीच नाही तर पाळीचा चहा कोण पिणार? त्यात इराण्यांची नवी पिढी शिकून दुसरीकडे गेली, जागांचे भाव वाढले. काहींनी बँकांना आणि औषधांच्या दुकानांना जागा दिल्या, काहींनी परवाना काढून बिअर बार सुरू केले. ज्या जागेवर माळकरी आणि नमाजी दोघेही निर्धास्त बसत होते तिथे आता दोघांनाही जाता येईना. धोबीतलावचे १९०४ सालचे कयानी आणि बॅलार्ड इस्टेटचे १९२३ सालचे ब्रिटानिया अशी काही नावाजलेली ठिकाणे टिकली, लोक कौतुकाने तिथे फोटो काढतात. धोबीतलावचेच बस्तानी २००४ साली बंद झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. गिरणगावाच्या नाक्यांवरची बिननावाची हॉटेले गेली तेव्हा बातमीसुद्धा आली नाही.

दहाच वर्षांनी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आले. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्या दंगलीत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. त्यानंतर मिश्र वस्तीतील कितीतरी मुसलमान कुटुंबांनी मुंब्र्यासारख्या ठिकाणी आसरा घेतला. हॉटेले गेली म्हणून दंगल झाली असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. त्याची कारणे आयोगाने सविस्तर दिली आहेत. पण १९२९ नंतर परतून बसायला जसा नाका होता तसा १९९३ नंतर राहिला नव्हता. गिरण्या बंद, पाळ्या बंद, टेबले गेलेली. ज्याने त्याने आपापल्या मोहल्ल्याची वाट धरली.

गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले हे सर्वांसमोर आहे. १९९१ आणि २००१ च्या नियमांनी जमिनींचा वापर बदलण्याची वाट मोकळी झाली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शेवटची अडचणही दूर झाली. मॉल, कचेऱ्या, टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. आणि इथे इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. कामगारांच्या काळात गिरणगावाला जो पब कधी मिळाला नाही तो कामगार गेल्यावर आला. कमला मिलच्या आवारात गच्चीवर पब सुरू झाले. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागून १४ जणांचा बळी गेला. देशभर त्या पबची नावे झाली. त्याच आवारात कधी काळी साचे चालत होते, हे सांगण्याची गरज फार थोड्या बातमीदारांना वाटली. तिथे जाणारा तरुण वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. मात्र तिथे एका कपाच्या किमतीत कोणी बसू शकत नाही. बैठक आहे, पण ती खिसा पाहून मिळते.

उरलेले काम

मालेगावात अजून रात्री उशिरापर्यंत चहाची हॉटेले गजबजलेली असतात. यंत्रमागावरून सुटलेला मजूर आणि ताजी गझल घेऊन आलेला शायर एकाच बाकावर दिसतो. आमच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या लाखो माणसांच्या कोप्या जिथे पडतात, त्या साखर कारखान्यांच्या दरवाजावरही टपरीच बैठकीचे काम करते. तिथे उचल, टोळी, मुकादम आणि गावची ख्यालीखुशाली यांची बोलणी होतात. म्हणजे बैठक मेलेली नाही, ती जागा बदलत राहते. ती जिवंत असताना कोणी लिहीत नाही, आणि गेल्यावर लिहायला कोणी उरत नाही.

म्हणून मुस्लिम मराठी लिहिणाऱ्यांकडे आमचे मागणे लहान आहे. कथा-कविता तर लिहाच. पण आपल्या गावातील, मोहल्ल्यातील जुन्या चहाच्या हॉटेलांची नोंदही करा. मालक कुठून आला, चहा किती पैशांना होता, कोणता पेपर येत होता, कोणत्या पाळीचे, कोणत्या जातीचे, कोणत्या आळीचे लोक येत होते आणि कोण येत नव्हते, उधारीची वही कोणाच्या नावावर बुडाली, हे विचारून लिहा. बायकांना विचारा की त्या काळी तुम्ही कुठे बसत होता. आठवी-नववीची मुलेसुद्धा हे काम करू शकतात. दादा-नानांशी बोलण्यासाठी उर्दू आणि शेजारच्या आजोबांशी बोलण्यासाठी मराठी त्यांच्याजवळ आहेच.

हे गोळा झाले तर उद्या कोणी म्हणेल की या भूमीवर आपण वेगळे राहिलो, वेगळे जगलो, तर त्याला वाद घालून उत्तर देण्याची गरज पडणार नाही. कोणत्या नाक्यावर, कोणत्या साली, किती पैशांच्या चहावर आपण शेजारी बसलो होतो, एवढी नोंद त्याच्यासमोर ठेवता येईल.